डर्बी जिंकणारा सातपुड्याचा राजा

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठावर सारंगखेडा हे गाव आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला येथील एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार उभा राहतो. मारवाडी, काठियावाडी अशा जातिवंत घोड्यांचे दात पाहिले जातात, भोवरे तपासले जातात, रेवाल चालीची परीक्षा होते. पंचकल्याणी घोड्याभोवती गर्दी जमते आणि किंमत ऐकून पुढची माणसे मागे सरतात. अलीकडच्या वर्षांत या यात्रेला ‘चेतक फेस्टिव्हल’चीही जोड मिळाली. महाराष्ट्रातील अश्वशौकिनांना या बाजाराचे अप्रूप आहे. मात्र याच जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या मुलखातील एका राजाने घोड्यांच्या जगातील सर्वोच्च मान पटकावला होता, हे आज फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या राजाचे नाव राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी. १९३४ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील एप्सम येथे त्यांच्या ‘विंडसर लॅड’ने डर्बी जिंकली. भारतीय संस्थानिकांपैकी हा मान दुसऱ्या कोणालाही मिळाला नाही.

राजपीपळा हे गोहिल राजपुतांचे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस मैल, राजाला तेरा तोफांची सलामी. उत्तरेला नर्मदा, मधोमध सातपुड्याची पश्चिमेकडे उतरत गेलेली टोके आणि पूर्वेला खानदेशातील मेहवासी इस्टेटी अशी त्याची चतु:सीमा होती. काठी, चिखली, सिंगपूर, नाल, गव्हाळी ही त्या इस्टेटींची नावे आज अक्कलकुवा-तळोदा परिसरात गावांच्या रूपाने शिल्लक आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंना जंगल एक, डोंगर एक आणि बहुतांश वस्ती भिल्ल व इतर आदिवासी समाजांची. साग, बांबू, मोहाची फुले आणि सपाटीवरचा कापूस ही संपत्तीही सारखीच. शिवाय राजपीपळ्याकडे रतनपूरच्या अकीक खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंकलेश्वरहून नांदोदपर्यंत नॅरोगेज रेल्वे पोहोचली आणि या डोंगराळ संस्थानाचा व्यापार भडोचच्या बाजारपेठेशी जोडला गेला.

विजयसिंहजींचा जन्म ३० जानेवारी १८९० चा. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. काठियावाड-गुजरातच्या राजपुत्रांना इंग्रजी राज्यकारभाराबरोबर क्रिकेट, पोलो आणि घोडेस्वारीचे धडे देणारी ही शाळा होती. वडील छत्रसिंहजी यांच्या निधनानंतर सप्टेंबर १९१५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते गादीवर आले. त्या वेळी पहिले महायुद्ध ऐन भरात होते. पुढील तेहतीस वर्षे त्यांनी राज्य केले. त्या काळात राजधानीत शाळा, इस्पितळ, रस्ते, न्यायालये अशी आधुनिक कारभाराची चौकट उभी राहिली आणि एक भव्य राजवाडाही उभा राहिला. एका मध्यम आकाराच्या संस्थानाचा, प्रगतिशील म्हणवला जाणारा राजा अशी त्यांची ख्याती होती. पण त्यांचे नाव देशाबाहेर गेले ते घोड्यांमुळे.

पहिल्या महायुद्धानंतर विजयसिंहजी इंग्लंडला नियमित जाऊ लागले. लंडनच्या पश्चिमेला, राजघराण्याच्या किल्ल्यापासून जवळच, ओल्ड विंडसर येथे त्यांनी मोठी वास्तू घेतली. उन्हाळ्यात इंग्लंड आणि हिवाळ्यात हिंदुस्थान असा त्यांचा परिपाठ पडला. १९२६ मध्ये त्यांच्या ‘एम्बार्गो’ने आयरिश डर्बी जिंकली. इंग्लिश प्रेक्षकांना त्यांचे लांबलचक नाव उच्चारता येत नसे. संस्थानाच्या नावातला एक तुकडा उचलून लोकांनी त्यांचे ‘पिप’ असे लाडके नाव ठेवले. परक्या राजाला गर्दीने असे जवळचे नाव देणे, हे त्या काळच्या साम्राज्याच्या राजधानीत सहज घडणारे नव्हते. त्या मैदानावर पदवीपेक्षा घोड्याला मान अधिक मिळत असे, हेच त्यामागचे कारण.

आयरिश डर्बी मिळाली तरी एप्समची डर्बी वेगळीच. तिचा इतिहास १७८० पासूनचा. लॉर्ड डर्बी आणि सर चार्ल्स बनबरी या दोन अश्वशौकिनांनी नाणे उडवून शर्यतीला कोणाचे नाव द्यायचे ते ठरवले, अशी आख्यायिका आहे. नाव डर्बीचे लागले आणि पहिली शर्यत मात्र बनबरींच्या ‘डायोमेड’ने जिंकली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ इंग्लंडमध्ये दोन मालकांमधील थेट सामन्याची प्रथा होती. एकाने आव्हान द्यायचे, दुसऱ्याने ते स्वीकारायचे. अंतर किती, वजन किती, पणाची रक्कम किती आणि माघार घेतल्यास दंड किती, हे दोघांनी बसून ठरवायचे. वर्षानुवर्षे ठरलेल्या मोठ्या शर्यती आल्या आणि ही प्रथा मागे पडली. तरीही १९२३ मध्ये त्या वर्षीचा डर्बीविजेता ‘पपायरस’ अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेला आणि अमेरिकेच्या ‘झेव्ह’शी एकास एक धावून हरला. तो सामना एक लाख डॉलरच्या बक्षिसाचा होता.

डर्बीत असा करार लागत नाही. तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असलेली ही दीड मैलाची शर्यत घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते. यंदा नाही जमले तर पुढच्या वर्षी, अशी सवलत त्यात नाही. त्यामुळे मालकांमधील स्पर्धा प्रत्यक्ष मैदानावर येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. लिलावात कोणते शिंगरू उचलायचे, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाती सोपवायचे आणि खोगिरावर कोणाला बसवायचे, या तीन निर्णयांत निम्मी शर्यत संपलेली असते. विजयसिंहजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठी झुंज या तीन निर्णयांतूनच लढली गेली.

पहिला निर्णय शिंगराचा. आयर्लंडमध्ये जन्मलेले, ‘ब्लँडफर्ड’ या नामांकित घोड्याचे एक शिंगरू त्यांनी तेराशे गिनींना घेतले. त्या काळच्या दराने ही रक्कम अठरा हजार रुपयांच्या आसपास होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने ती प्रचंड असली, तरी डर्बीची स्वप्ने पाहणाऱ्यांच्या बाजारात ती फार मोठी नव्हती. महाराजांच्या विंडसरच्या वास्तव्याशी मेळ खाणारे ‘विंडसर लॅड’ हे नाव त्याला मिळाले.

दुसरा निर्णय प्रशिक्षकाचा. मार्कस मार्श हा तेव्हा तिशीच्या आतबाहेरचा तरुण होता. त्याचे वडील रिचर्ड मार्श यांनी सातव्या एडवर्डसाठी ‘पर्सिमन’ आणि ‘मिनोरू’ हे डर्बीविजेते तयार केले होते. मुलाच्या नावावर मात्र अजून काही मोठे यश नव्हते. वडिलांच्या पुण्याईवर मुलाला घोडा देणे हा जुगारच होता.

तिसरा निर्णय सर्वांत धाडसाचा. जॉकी म्हणून निवड झाली ती चार्ली स्मर्क याची. १९२८ मध्ये गॅटविकच्या एका शर्यतीत त्याचा घोडा सुरुवातीच्या जागेवरून हललाच नाही. घोडा हट्टी होता की स्वाराने मुद्दाम लगाम खेचून धरला, यावर वाद झाला. अधिकाऱ्यांनी स्वाराला दोषी धरून पाच वर्षे मैदानाबाहेर काढले. ऐन उमेदीची पाच वर्षे अशी गेलेला हा माणूस १९३३ च्या अखेरीस परतला होता. अनेकांना त्याच्यावर अन्याय झाला असे वाटत असे. पण वाटणे निराळे आणि स्वत:चा डर्बीचा घोडा त्याच्या हाती देणे निराळे. तो चुकला असता तर लोकांनी घोड्याची नव्हे, मालकाच्या अकलेची चर्चा केली असती.

समोरचा प्रतिस्पर्धी साधा नव्हता. लॉर्ड ग्लेनेली यांचे मूळ नाव विल्यम टेटम. डेव्हनच्या किनाऱ्यावरील ॲपलडोर गावात जन्मलेल्या या माणसाने कार्डिफच्या बंदरात जहाजांच्या धंद्यात अफाट पैसा मिळवला, उमरावपद मिळवले आणि १९१९ मध्ये ‘ग्रँड परेड’च्या रूपाने डर्बीही मिळवली. १९३४ मध्ये त्यांच्याकडे ‘कोलंबो’ होता. हा घोडा त्यांना अवघ्या ५१० गिनींना मिळाला होता. दोन वर्षांचा असताना सात शर्यती, सातही विजय. तिसऱ्या वर्षी आधी क्रेव्हन स्टेक्स आणि मग टू थाऊजंड गिनीज या मानाच्या शर्यती खिशात. अशा सलग नऊ विजयांसह तो एप्समला आला. इंग्लंडमध्ये त्याच्याविषयी जी खात्री होती, ती पैजेच्या भावावरून कळते. ‘कोलंबो’चा भाव आठास अकरा होता, तर ‘विंडसर लॅड’चा दोनास पंधरा. म्हणजे बाजाराच्या लेखी निकाल जवळजवळ लागलेलाच होता. महाराजांच्या घोड्यानेही त्या वसंतात चेस्टर व्हाझ आणि न्यूमार्केट स्टेक्स जिंकल्या होत्या; पण अपराजित घोड्यापुढे त्या विजयांना कोणी फारशी किंमत दिली नाही.

बुधवार, ६ जून १९३४. पंचम जॉर्ज राजे आणि राणी मेरी उपस्थित होत्या. एप्समचे मैदान सपाट नाही. सुरुवातीला चढ, मग डावीकडे वळत जाणारा तीव्र उतार, टॅटनम कॉर्नरचे ते प्रसिद्ध वळण आणि त्यानंतर तिरप्या जमिनीवरून अखेरची सरळ धाव. येथे ताकदीइतकेच जागेवर असणे महत्त्वाचे. उतारावर जो मागे किंवा आत अडकला, त्याला पुढे वाट मिळेलच असे नाही. ‘कोलंबो’वर ऑस्ट्रेलियन जॉकी रे जॉन्स्टन होता आणि तो कठड्याच्या बाजूने, आतल्या अंगाला होता. त्याच्या पुढे धावणारा ‘मिडीव्हल नाइट’ हा घोडा दमून मागे येऊ लागला आणि ‘कोलंबो’ची वाट बंद झाली. जॉन्स्टनला बाहेरून वळसा घालावा लागला. नेमक्या त्या वेळी स्मर्कने ‘विंडसर लॅड’ला मोकळ्या वाटेने पुढे काढले. अखेरच्या धावेत गॉर्डन रिचर्ड्सचा ‘ईस्टन’ जवळ आला, ‘कोलंबो’ही झेपावत आला, पण ‘विंडसर लॅड’ हटला नाही. एका लेंथने तो जिंकला, ‘ईस्टन’ दुसरा आणि त्याच्या मानेइतक्या अंतराने ‘कोलंबो’ तिसरा. वेळ दोन मिनिटे चौतीस सेकंद. आदल्याच वर्षी ‘हायपेरियन’ने केलेल्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली होती.

चव्वेचाळीस वर्षांच्या महाराजांनी विजयी घोड्याचा लगाम हाती धरून त्याला गर्दीतून नेले. राजा-राणींनी त्यांचे अभिनंदन केले. पाच वर्षे बदनामी सोसलेल्या स्मर्कच्या कारकिर्दीतील ही पहिली डर्बी. पुढे त्याने आणखी तीन जिंकल्या. जॉन्स्टनवर मात्र टीकेचा भडिमार झाला. वाट मिळाली असती तर ‘कोलंबो’च जिंकला असता, असे सांगणारे अनेक निघाले आणि हा वाद इंग्लंडच्या अश्वशौकिनांत पुढे कित्येक वर्षे चालला. जॉन्स्टनने फ्रान्समध्ये नाव मिळवून पुढे तीन डर्बी जिंकल्या आणि आपल्यापुरते उत्तर दिले.

जुन्या काळी असा वाद मालकांनी मिटवला असता. दोघांनी बसून अंतर, वजन आणि पण ठरवला असता आणि दोन घोडे पुन्हा एकमेकांसमोर उभे केले असते. १९३४ मध्ये मात्र वाटाघाटी झाल्या त्या वेगळ्याच. मार्टिन बेन्सन हा लंडनचा धनाढ्य बुकी होता. डर्बी होऊन गेल्यावर त्याच उन्हाळ्यात त्याने ‘विंडसर लॅड’साठी पन्नास हजार पौंडांची किंमत दिली आणि महाराजांनी ती स्वीकारली. एक शिलिंग सहा पेन्सच्या तत्कालीन दराने ही रक्कम साडेसहा लाख रुपयांच्या पुढे जाते. तेराशे गिनींच्या शिंगराचे दोन वर्षांच्या आत छत्तीस-सदतीस पट मोल झाले होते.

हा सौदा शहाणपणाचा होता की घाईचा? शर्यतीच्या घोड्याचे अर्थशास्त्र निर्दय असते. आज सोन्याचा असलेला घोडा उद्या सरावात पाय मुरगळून मातीमोल होऊ शकतो. विजय ताजा असताना मिळणारा भाव पुन्हा मिळेल याची हमी नसते. व्यवहाराने पाहता महाराजांचा निर्णय चूक म्हणता येत नाही. पण त्या सौद्यात त्यांनी काय गमावले, तेही लवकरच दिसले. ‘विंडसर लॅड’ मार्शच्याच पागेत राहिला, मालकाचे रंग तेवढे बदलले. तीन वर्षांच्या वयातील त्या मोसमात तो फक्त एक्लिप्स स्टेक्समध्ये, ‘किंग सॅमन’ जिंकला त्या दिवशी, गर्दीत अडकून हरला. सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरची मानाची सेंट लेजर त्याने जिंकली, पण ती बेन्सनच्या नावावर. पुढच्या वर्षी तर तो हरलाच नाही. कोरोनेशन कप आणि आदल्या वर्षी हुकलेली एक्लिप्सही त्याने जिंकली. तेरा शर्यतींत दहा विजय असा हिशेब मांडून तो निवृत्त झाला. महाराजांच्या वाट्याला त्यातली डर्बी आली. बाकीचा बराच मान विकला गेला होता.

१९३५ मध्ये आणखी एक सामना रंगता रंगता राहिला. आगाखानांचा ‘बहराम’ त्या वर्षी टू थाऊजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर हा तिहेरी मुकुट जिंकून अपराजित ठरला. तोही ‘ब्लँडफर्ड’चाच, म्हणजे पित्याकडून ‘विंडसर लॅड’चा भाऊ. त्यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न इंग्लंडच्या प्रत्येक अश्वशौकिनाच्या मनात होता. पण दोघेही त्याच वर्षी निवृत्त झाले आणि एकमेकांसमोर कधीच आले नाहीत. दोघांचीही कीर्ती अबाधित राहिली. हरण्याचा धोका जिंकण्याच्या लाभापेक्षा मोठा झाला की सामने होत नाहीत, हा नियम कुस्तीच्या फडात आहे तसा रेसकोर्सवरही आहे.

बेन्सनने मात्र हा धंदा तेथेच थांबवला नाही. १९३८ मध्ये त्याने इटलीच्या फेदेरिको तेसिओ यांचा अपराजित ‘निअर्को’ साठ हजार पौंडांना घेतला. विसाव्या शतकातील थरोब्रेड घोड्यांच्या पैदाशीवर या एका घोड्याइतका ठसा फार थोड्यांचा असेल. याच ‘निअर्को’चे एक शिंगरू १९४५ मध्ये अठ्ठावीस हजार गिनींना विकले गेले. घेणारे होते राजपीपळ्याचे शेजारी, बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. आणि त्या घोड्याला त्यांनी नाव दिले ‘सयाजीराव’. कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या आजोबांचे नाव १९४७ मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजरच्या विजेत्यांच्या यादीत लागले. मात्र एप्समच्या डर्बीत ‘सयाजीराव’ तिसरा आला. बडोद्याच्या कितीतरी मोठ्या खजिन्याला जे साधले नाही, ते राजपीपळ्याच्या तेराशे गिनींनी साधून दाखवले होते.

‘विंडसर लॅड’ची अखेर सुखाची नव्हती. पैदाशीसाठी ठेवलेला हा घोडा आजाराने जर्जर झाला आणि १९४३ मध्ये त्याला वेदनांतून मुक्त करण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी लॉर्ड ग्लेनेली जर्मन हवाई हल्ल्यात मृत्युमुखी पडले. ज्या जगात हे सारे वैभव शक्य होते, ते जगच युद्धात कोसळत होते.

विजयसिंहजींचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येत नाही. विंडसरची वास्तू, इंग्लंडमधील पागा आणि राजवाडे यांचा खर्च अखेर कोठून येत होता? सागाच्या लाकडातून, कापसाच्या शेतसाऱ्यातून, सातपुड्याच्या उतारावर राहणाऱ्या रयतेच्या श्रमातून. त्यांनी शाळा-इस्पितळे काढली, हे खरे. पण त्या काळी संस्थानिकांना प्रजेसमोर हिशेब मांडावा लागत नसे, हेही तितकेच खरे. एप्समच्या गर्दीने ज्याला प्रेमाने टोपणनाव दिले, त्या राजाचे राज्य किती आणि प्रजा कशी, याची त्या गर्दीला कल्पना नव्हती. आणि डोंगरातल्या पाड्यावरील भिल्लाला आपल्या राजाचा घोडा कोठे जिंकला, याची खबर कधी लागली असेल का, हा प्रश्नच आहे.

१० जून १९४८ रोजी राजपीपळा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. डर्बीच्या विजयाला तेव्हा चौदा वर्षे आणि चार दिवस झाले होते. एका सहीने तेरा तोफांची सलामी, रेल्वे आणि राज्य सारे संपले. त्यानंतरची बारा वर्षे राजपीपळा आणि नंदुरबार एकाच राज्यात होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि पश्चिम खानदेशातील काही गावेही गुजरातकडे गेली. महाराज ते पाहायला नव्हते. २९ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ओल्ड विंडसर येथे त्यांचे निधन झाले होते.

आज राजपीपळा हे नर्मदा जिल्ह्याचे मुख्यालय आहे. तो जिल्हा ऑक्टोबर १९९७ मध्ये झाला, नंदुरबार त्यानंतर नऊ महिन्यांनी. दोन्ही नव्या जिल्ह्यांची सरकारी ओळख आदिवासीबहुल आणि मागास अशीच राहिली. एप्समच्या विजेत्यांच्या यादीत मात्र १९३४ या सालापुढे घोड्याचे नाव आहे, जॉकीचे आहे, प्रशिक्षकाचे आहे आणि मालक म्हणून ‘राजपीपळ्याचे महाराज’ अशी नोंद आहे. पन्नास हजार पौंडांच्या सौद्यात घोडा गेला, पुढचे विजयही गेले. ती एक ओळ तेवढी विकता येण्याजोगी नव्हती.